कुत्रं बसलं, पण का बसलं?

मागच्या अंकात पोलिसांच्या कुत्र्यांच्या ट्रेनिंगवर दोन पानं काय लिहिली, प्रश्नांची रीघच लागली. सगळे घेता येणार नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत, आणि ज्यांनी 'आमचं कुत्रं सोफा फाडतं' असं लिहिलंय त्यांनी जरा दम धरा, सोफ्याचं नंतर कधीतरी बघू.

प्रश्न : नमस्कार ताई, ड्रग्ज शोधणाऱ्या कुत्र्यांना आधी त्याच ड्रग्जचं व्यसन लावतात आणि मग तलफ आली की ती शोधत सुटतात, असं आमच्या ग्रुपवर फिरतंय. खरं आहे का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. मी हँडलर, म्हणजे कुत्र्याला घेऊन काम करणारी, म्हणून लागले तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं तरी ही गोष्ट फिरायची, आता फॉरवर्ड होऊन फिरते एवढाच फरक. व्यसन लागलेलं कुत्रं काम काय करणार, आजारी पडेल ते, आणि कोकेनसारखं काही थोडं जरी पोटात गेलं तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून ट्रेनिंगचा माल कायम भोकं पाडलेल्या डबीत नाहीतर जाळीमागे असतो, वास बाहेर येईल पण जीभ पोचणार नाही असा. फेंटानिल या फार जहाल ड्रगची शक्यता असेल तिथे तर बरेच हँडलर नॅलॉक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा, सोबत घेऊनच फिरतात, कुत्र्याला चुकून लागलं तर.

कुत्र्याला हवा असतो बॉल. किंवा रबरी खेळणं, किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल, ज्याला ज्याचं वेड. सुरुवातीला एकसारखे पाच-सहा खोके ओळीने मांडायचे, प्रत्येकाला एक भोक, माल एकातच. कुत्रं हुंगत जातं, पहिला खोका, दुसरा, आणि तिसऱ्याच्या पुढे गेलेलं डोकं झटकन मागे वळतं, उघडं तोंड मिटतं, नाक भोकात घुसतं आणि फुसफुस वाढते. त्याच क्षणी बॉल पडला पाहिजे, तोही त्या भोकापाशी, जणू वासातूनच बाहेर आला असा. अर्धा सेकंद उशीर झाला की तोवर त्याने मान वर करून तुमच्याकडे बघितलेलं असतं, मग बॉल कशाचा मिळाला, तर तुमच्याकडे बघण्याचा. हा अर्धा सेकंद जमायला मला वर्ष लागलं. वास म्हणजे बॉल हे एकदा डोक्यात बसलं की मग 'सापडलं की खाली बस' हे जोडायचं, आणि पुढे पुढे बॉल लगेच द्यायचा नाही, कधी दोन सेकंदांनी, कधी दहा.

यात एक गोची आहे. आपण म्हणतो कोकेनचा वास, पण कुत्रं जे पकडतं त्यात मोठा वाटा मिथाइल बेंझोएट नावाच्या रसायनाचा असतो, हवेतल्या ओलाव्याने कोकेनमधून हळूहळू सुटणारा. म्हणजे आपण काय शिकवतोय आणि ते काय शिकतंय यात फरक पडू शकतो. आमच्याकडच्या एका स्पॅनियलने महिनाभर एकही चूक केली नाही, आम्ही खूश, आणि मग एक दिवस कोणीतरी सहज नुसती रिकामी पिशवी लपवली, ज्या प्रकारच्या झिपच्या पिशवीत आम्ही माल ठेवायचो तसलीच पण कोरी, तर हे महाशय तिच्यासमोर ऐटीत बसले. महिनाभर पिशवीच शोधत होते! तेव्हापासून बाकीच्या खोक्यांत रिकाम्या पिशव्या, हातमोजे, चिकटपट्टी, खाऊ असलं सगळं ठेवायचं आणि त्यावर काहीही मिळणार नाही हे पण शिकवायचं, असा नियमच केला.

प्रश्न : आमचं लॅब्रॉडॉर कपाटातलं बिस्किट तीन खोल्यांवरून ओळखतं. त्याला पोलिसात घेतील का?

उत्तर : नाक चांगलं असणं ही काही मोठी गोष्ट नाही, निदान कुत्र्यांमध्ये तरी नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख आणि कुत्र्याच्या जातीप्रमाणे २० कोटींच्या आसपास किंवा त्याहून जास्त, तेव्हा नाकावर कोणी नापास होत नाही. नापास होतात ती चिकाटीवर. साधारण वर्ष-दीड वर्षाचं कुत्रं घेतात, बॉल उंच गवतात फेकतात, त्याला धरून दोन गिरक्या मारायला लावतात आणि सोडतात. काही एका मिनिटात फुलपाखराच्या मागे जातात, त्यांना नमस्कार. ज्याला दहा मिनिटांनीही बॉलशिवाय जगात दुसरं काही दिसत नाही ते आपलं. मग गुळगुळीत फरशी, अंधारा जिना, पायाखाली लोखंडी जाळी, मागे धाडकन पडलेला पत्रा. दचकलं तरी चालतं, पण दोन सेकंदांत सावरून परत कामाला लागलं पाहिजे. तुमचं बिस्किटवालं लॅब पोट भरल्यावर शोधेल का, ते आधी बघा.

प्रश्न : मॅडम, मी एका एजन्सीत हँडलर आहे, नवीनच. माझं कुत्रं सरावात शंभर टक्के बरोबर, पण बाहेरचे परीक्षक आले की कुठेही बसतं. दोनदा फेल झालो. कुत्रं बदलून मागू का?

उत्तर : मागू नका. मला आधी एक सांगा, सरावात माल लपवतं कोण? तुम्हीच लपवत असाल, किंवा दुसऱ्याने लपवलेला तुम्हाला माहीत असेल, तर शंभर टक्के कुत्र्याचे नाहीत, तुमचे आहेत.

तुम्हाला वाटतं मी तर गप्प उभा असतो. नसतो हो कोणीच. माल असलेल्या जागेजवळ आलं की पाऊल आखडतं, श्वास थांबतो, पट्टा एक बोटभर ढिला पडतो किंवा ताणला जातो, छाती तिकडे वळते. कुत्रं दिवसभर तुमच्याबरोबर असतं, त्याला तुमचा मूड दाराच्या कडीच्या आवाजावरून कळतो, त्याला हे नाही कळणार? नाक वापरून शोधण्यापेक्षा तुमच्याकडे बघून बसणं स्वस्त पडतं, आणि स्वस्त मार्ग कोण सोडतो. हे फक्त कुत्र्यांचं नाही. बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमाराला हान्स नावाच्या घोड्याची फार चर्चा होती, गणिताचं उत्तर खूर आपटून द्यायचा, मोठमोठे लोक बघून गेले. शेवटी ऑस्कर फंग्स्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये दाखवून दिलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही येत नाही, बरोबर आकड्याला माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा, बस.

आणि आपल्याच धंद्यातलं ऐका. कॅलिफोर्नियात १८ जोड्यांवर, म्हणजे हँडलर आणि कुत्रं मिळून एक जोडी, एक प्रयोग केला, तो २०११ मध्ये छापून आला. हँडलरना सांगितलं की आत माल आहे, आणि काही ठिकाणी लाल कागद लावून सांगितलं की तिथे माल आहे. खरं तर कुठेही काहीही नव्हतं. तरी दोनशेच्या वर वेळा 'सापडलं' असं सांगितलं गेलं, आणि लाल कागदापाशी जास्त. कुत्र्यांना लाल कागदाशी काय देणंघेणं, तो हँडलरला दिसत होता.

माझीच सांगते. एक फायलींची खोली होती, तपासायला दिलेली. एका कपाटाचं कुलूप नवीन होतं, माझ्या मनात पाल चुकचुकली, मी थांबले, दोनच सेकंद. कुत्रीने माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, परत माझ्याकडे, आणि बसली. मी आनंदाने बॉल टाकला पण! कपाटात जुन्या फायली आणि एक तुटकी छत्री. त्या बॉलची किंमत पुढे दोन महिने मोजली, ती नवीन कुलूप दिसलं रे दिसलं की बसायची, आणि दोष कुणाचा, तर मी सगळ्यांना सांगत फिरत होते की कुत्री बिघडली.

तर आता करायचं काय. माल दुसऱ्याने लपवायचा, तुम्हाला न सांगता, आणि लपवणाऱ्याने खोलीत थांबायचं नाही, कारण त्याचं तोंडही कुत्रं वाचतं. आठवड्यातून काही वेळा काहीच लपवायचं नाही, रिकाम्या खोलीतून न बसता बाहेर आलं तर शाबासकी. कुत्रं एखाद्या जागी रेंगाळलं तर तुम्ही चालत राहायचं, खरा वास असेल तर ते तुम्हाला सोडून तिथे चिकटतं, डोळे वासावर, तुमच्यावर नाही. आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या, कुत्र्याचा नको, तुमच्या पायांचा. बघताना लाज वाटेल, मला वाटली होती.

प्रश्न : पोलीस कुत्र्यांना जर्मन नाहीतर डच भाषेत का सांगतात? गुन्हेगाराला कळू नये म्हणून?

उत्तर : ऐकायला भारी वाटतं, पण मुख्य कारण साधं आहे, बरीच कुत्री तिकडूनच तयार होऊन येतात. पोलिसांसाठी कुत्री पद्धतशीर तयार करायला बेल्जियममधल्या गेंट शहरात १८९९ मध्ये सुरुवात झाली, त्याच वर्षी जर्मनीत जर्मन शेफर्डचा क्लब निघाला, आणि नेदरलँड्समध्ये पोलीस कुत्र्यांची केएनपीव्ही ही संघटना १९०७ पासून आहे. कुत्र्याला 'सिट्झ', म्हणजे जर्मनमधलं 'बस', येतं, मग त्याला परत नवीन शब्द शिकवत बसण्यापेक्षा माणसाने एक शब्द पाठ करावा हे सोपं. आणि गुन्हेगाराला शब्द कळला म्हणून काही बिघडत नाही, तो किती का ओरडेना, नीट शिकलेलं कुत्रं हँडलरशिवाय कुणाचं ऐकत नाही.

प्रश्न : चावायला शिकवलेलं कुत्रं रागीट होत नाही का? आणि एकदा धरलं की सोडत नाही म्हणतात.

उत्तर : चावायला शिकवणं सोपं आहे, सोडायला शिकवण्यात सगळे दिवस जातात. चांगलं गस्तीचं कुत्रं रागाने नाही, खेळाच्या झपाट्याने धरतं, शेपटी बघा त्याची. रागाने किंवा भीतीने चावणारं कुत्रं कामाचं नाही, ते केव्हा कोणाला धरेल सांगता येत नाही.

सोडण्याचं म्हणाल तर 'आऊट' म्हणून पट्टा खेचला की पकड उलट घट्ट होते, कारण खेचाखेची हाच तर खेळ. म्हणून डेकॉय, म्हणजे जो बाही किंवा सूट घालून गुन्हेगाराचं सोंग करतो, त्याने एकदम पुतळा व्हायचं, बाही मेली, मजा संपली. कुत्रं वैतागून सोडतं, आणि सोडलं की लगेच परत धरायला मिळतं! सोडण्याने खेळ संपत नाही, सुरू होतो, हे कळलं की एका शब्दात सोडतात. चांगला डेकॉय मिळणं मात्र चांगल्या कुत्र्यापेक्षा अवघड, हे माझं मत, भांडायला तयार आहे.

दुसरी भानगड बाहीची. तीच ती जाड बाही रोज पाहिली की कुत्र्याला माणूस नाही, बाही हवी असते, डेकॉयने ती काढून टाकली की ती तोंडात धरून मिरवत निघून जातं आणि 'चोर' तिथेच उभा. म्हणून कपड्याआड लपणारी बाही, पूर्ण सूट, तोंडाला जाळी घालून झटापट, असं बदलत राहावं लागतं. काही ठिकाणी धरून ठेवायला शिकवतात, काही ठिकाणी समोर उभं राहून फक्त भुंकायला. मला स्वतःला भुंकणारं आवडतं, पण त्यात समोरचा अचानक हलला तर काय याचा सराव दुप्पट लागतो.

प्रश्न : चोर ओढ्यातून चालत गेला तर माग तुटतो का?

उत्तर : पाण्यात नसेल राहत, पण काठावर राहतो की. आपल्या अंगावरून कातडीचे बारीक कण सारखे झडत असतात, ते हवेने उडून काठाच्या गवतात अडकतात. अनुभवी हँडलर दोन्ही काठ तपासून चोर बाहेर कुठे निघाला ते शोधतो. बुडालेल्या माणसाचा वास पाण्यावर येतो तो होडीत बसून पकडणारी कुत्रीही असतात, यावरून समजा. खरा वैरी म्हणजे दुपारचं तापलेलं डांबर, वारा आणि त्यावरून गेलेली शंभर माणसं. पहाटेचं ओलं गवत असेल तर नवशिकं कुत्रंही हिरो वाटतं.

प्रश्न : एकच कुत्रं बॉम्ब आणि ड्रग्ज दोन्ही शोधू शकतं का?

उत्तर : शिकेल, पण कोणी शिकवत नाही. ते बसलं, आता पुढे जायचं की सगळ्यांना बाहेर पळवायचं? बॉम्बच्या कुत्र्याला नखाने उकरायलाही देत नाहीत, गपचूप बसायचं किंवा गोठून उभं राहायचं.

प्रश्न : घरच्या कुत्र्याला असं काही शिकवता येईल का, नुसती मजा म्हणून?

उत्तर : जरूर. तीन डबे, एकात त्याचा आवडता खाऊ, बाकी रिकामे. शोधलं की डब्यापाशीच खायला द्या, जवळ बोलावून नको. जमायला लागलं की खाऊऐवजी लवंगेच्या तेलाचा एक थेंब लावलेला कापूस बंद डबीत, वर दोन भोकं, खाऊ फक्त बक्षीस म्हणून. रोज पाच मिनिटं पुरे, धावून आलेलं असेल तर आधी धाप ओसरू द्या, जीभ बाहेर काढून हापतंय तोवर ते नीट हुंगत नाही. आणि डबी घरातल्या दुसऱ्या कोणाला लपवायला सांगा, तुम्ही तोवर बाहेर उभे राहा, दार लावून.