गिटार घ्यायची तर यामाहा एफजी८०० की एफएस८००?

दोन्हींचा टॉप (पुढची फळी) सॉलिड स्प्रूस लाकडाचा, नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) रुंदीही ४३ मिमीच. फरक बॉडीत आणि स्केलमध्ये, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीत. एफजीची स्केल ६५० मिमी, एफएसची ६३४. त्याच सुरात एफएसच्या तारांवर ताण कमी पडतो, म्हणून एफचा बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा) जरा लवकर जमतो. बॉडीही कमी खोल. बसून वाजवताना उजवा खांदा वर उचलावा लागत नाही. मात्र जोरदार स्ट्रमिंगला (सगळ्या तारा एकदम छेडताना) खर्जाचा भरणा एफजीतच.

गाण्याला साथ करायची तर एफजी, फिंगरस्टाइलला (बोटांनी एकेक तार छेडायला) किंवा लहान हातांना एफएस.

दुकानात बाराव्या फ्रेटपासून (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासून) सर्वांत जाड तारेची उंची मोजाच. ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर कुठलंही मॉडेल बोटं सोलणारच. आधी सेटअप करून, म्हणजे तारांची उंची जुळवून घ्या.