यूकेच्या मॉड टू परीक्षेत बाईक लेनमध्ये नेमकी कुठे ठेवायची?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात 12 वर्षं पल्सर चालवली, आता इंग्लंडमध्ये मॉड टू, म्हणजे बाईक लायसन्सची रस्त्यावरची परीक्षा, तीन आठवड्यांवर आली आहे. ट्रेनर म्हणतो लेनच्या मध्यात राहा, आधी आलेले मित्र म्हणतात डावीकडे राहा, एक्झामिनरला तेच आवडतं. कोणाचं ऐकायचं?

ट्रेनरचं. मित्रांनी बहुतेक कारची परीक्षा दिलेली असणार. कार अर्ध्याहून जास्त लेन व्यापते, तिला लेनच्या आत डावं-उजवं करायला जागाच कुठे असते? हायवे कोड, म्हणजे इथलं वाहतूक नियमांचं सरकारी पुस्तक, त्यातलं 'डावीकडे राहा' म्हणजे डावी लेन धरा. फुटपाथला घासत जा असं त्यात कुठेही नाही. हा घोळ मी इतक्या जणांच्या डोक्यातून काढलाय की आता गोड बोलून सांगणं होत नाही.

लेन साधारण तीन-साडेतीन मीटर रुंद असते. गाड्यांच्या टायरनी तिच्यात दोन चाकोऱ्या पडतात. पाऊस पडून गेल्यावर बघा, त्या दोन पट्ट्या आधी सुकतात. डावी चाकोरी म्हणजे पोझिशन वन, मधला पट्टा टू, उजवी चाकोरी थ्री. मोकळ्या रस्त्यावर टू. वनच्याही डावीकडे, कडेला गेलात तर गटारांची लोखंडी झाकणं, बारीक खडी आणि फुटलेल्या काचा. शिवाय मागच्या कारवाल्याला वाटतं की जागा आहे, मग तो तुमच्याच लेनमधून तुम्हाला ओलांडायला बघतो. मध्ये राहिलात तर त्याला ओव्हरटेक करायला पूर्ण बाहेर यावं लागतं, म्हणून तो आधी विचार करतो.

पण ट्रेनरचंही पूर्ण खरं नाही. काही ट्रेनर 'पोझिशन टू, पोझिशन टू' असं पाढ्यासारखं पाठ करून घेतात. मग मुलगा पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगेजवळूनही मध्यातूनच जातो, आणि एखादं दार उघडलं तर हँडल त्यातच. तिथे उजवीकडे सरकायचं, गाड्यांपासून निदान एक मीटर. तेसुद्धा पहिल्या गाडीशी पोचल्यावर नाही, बरंच आधी, आरसा बघून, उजव्या खांद्यावरून नजर टाकून. दोन पार्क गाड्यांमध्ये चार गाड्यांची मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरून पुन्हा बाहेर येऊ नका, रेघ सरळ ठेवा. डावीकडच्या गल्लीतून कारचं नाक बाहेर आलंय? उजवीकडे सरका, तिला तुम्ही दिसाल. समोरून रुंद ट्रक येतोय? डावीकडे. एक्झामिनर मागून, बहुतेक वेळा बाईकवरच, येत असतो, कानात रेडिओ देऊन सूचना देतो. तो बघतो ते हेच, की समोरचं चित्र बदललं तशी तुमची जागा बदलली का, आणि बदलण्याआधी मागे पाहिलंत का.

आता उजवं वळण. आपली मुलं सगळ्यात जास्त इथे नापास होतात. एका नाशिकच्या मुलाला इथेच सिरियस, म्हणजे एकाच फटक्यात नापास करणारी चूक, बसला आणि त्याच्या मित्रमंडळींशी माझा अजून वाद चालू आहे. ताशी 30 मैल वेगमर्यादेचा सरळ रस्ता, रेडिओवर सूचना आली की पुढच्या रस्त्याला उजवीकडे. त्याने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, वेग कमी केला. फक्त जागा सोडली नाही, डाव्या चाकोरीतच राहिला. कारण काय, तर मधल्या रेषेजवळ उभं राहिलं की समोरचा उडवेल. मागच्या व्हॅनवाल्याला वाटलं हा कडेला थांबतोय, त्याने उजवीकडून पुढे काढली. मुलाने वळायच्या आधी खांद्यावरून पाहिलं म्हणून वाचला. मित्र म्हणतात चूक व्हॅनवाल्याची, एक्झामिनर खडूस. व्हॅनवाल्याची चूक होतीच हो! पण त्याची परीक्षा नव्हती. इंडिकेटर उजवीकडे म्हणतोय आणि बाईक डावीकडे, तर मागच्याने कोणावर विश्वास ठेवायचा?

क्रम असा. आरसे, उजव्या खांद्यावर नजर, इंडिकेटर, मग सरकत सरकत मधल्या रेषेच्या डावीकडे साधारण अर्धा मीटर. त्यामुळे मागची वाहनं तुमच्या डावीकडून निघून जातात. जागा घेतल्यावर वेग कमी, त्यानंतर गिअर. आपले लोक सगळं उलटं करतात, आधी ब्रेक आणि मग जागा. समोरून गाड्या येत असतील तर थांबा, पण पुढचं चाक सरळ ठेवून. चाक उजवीकडे वळवून ठेवलं आणि मागून कोणी धक्का दिला तर थेट समोरच्या गाडीपुढे ढकलले जाल. ज्या गल्लीत वळायचंय तिच्या मध्याशी पोचल्यावरच वळा, कोपरा कापू नका. वळण्याच्या क्षणी पुन्हा उजव्या खांद्यावर नजर, हीच ती लाइफसेव्हर. गल्लीच्या तोंडाशी पायी जाणारा ओलांडत असेल किंवा ओलांडायला उभा असेल तर त्याला आधी जाऊ द्या, 2022 पासून कोडमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. वळून झालं की इंडिकेटर बंद. बहुतेक बाईकवर तो आपोआप बंद होत नाही, आणि चालू राहिलेला इंडिकेटर हे नापास होण्याचं फार स्वस्त कारण आहे.

डावं वळण सोपं. पोझिशन वन, कडेपासून साधारण मीटरभर, डाव्या खांद्यावर नजर. वळायच्या आधी उजवीकडे झोका घेऊ नका, रिक्षाची सवय ती.

राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, पहिल्या एक्झिटसाठी डावी लेन आणि डावा इंडिकेटर. सरळ जायचं तर खुणा वेगळं सांगत नसतील तेव्हा डावीच, येताना इंडिकेटर नाही. उजवीकडे किंवा उलट फिरायचं तर उजवी लेन, उजवा इंडिकेटर. आपल्या आधीची एक्झिट ओलांडली की डावा इंडिकेटर, डाव्या खांद्यावर नजर, बाहेर. आत फिरताना मात्र लेनच्या मध्येच राहा, नाहीतर कार शेजारी घुसते. मोठ्या राउंडअबाउटवर रस्त्यावर रंगवलेले बाण आणि रस्त्यांचे नंबर लांबूनच वाचत या. कडेला डिझेल सांडलेलं असतं, पेट्रोल पंपाजवळच्या राउंडअबाउटवर तर हमखास.

आणि चुकीच्या लेनमध्ये सापडलात तर? त्या लेनचा रस्ता जिकडे जातो तिकडे जा. परीक्षेत दहाएक मिनिटं पाट्या बघून स्वतःच्या डोक्याने चालवायचं असतं, त्यात रस्ता चुकल्याचे मार्क कापत नाहीत, एक्झामिनर परत वाटेवर आणतो. शेवटच्या क्षणी लेन कापली तर मात्र तिथेच संपलं. पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात जे चालतं ते इथे चालत नाही. तसंच सिग्नलला गाड्यांच्या फटीतून पुढे जाणं. इथे ते कायद्याने चालतं, पण परीक्षेच्या दिवशी करू नका, गप रांगेत उभे राहा. गाड्या बराच वेळ ठप्प असतील आणि जागा ऐसपैस असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय नवख्याने घेऊ नये.

ड्युअल कॅरेजवेवर, म्हणजे मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर, ओव्हरटेक झाला की लगेच डाव्या लेनमध्ये परत. वळणावर कडेला जाऊन लांबचं बघण्याची जी पद्धत व्हिडिओंमध्ये दाखवतात ती परीक्षेत लागत नाही, मध्यात राहिलात तरी कोणी काही म्हणत नाही.

किरकोळ चुका 10 पर्यंत चालतात, सिरियस एकही नाही. नापास झालात तर पुढची तारीख निदान 10 कामाच्या दिवसांनंतरची. जागेची एकच चूक पुन्हा पुन्हा केली तर किरकोळची सिरियस होऊ शकते, म्हणून 'एवढंसं तर डावीकडे होतो' हा बचाव चालत नाही.

हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचं. उत्तर आयर्लंडची परीक्षा वेगळी संस्था घेते, तिथले कोणी वाचत असाल तर नियम तिथलेच बघा. उरलेल्या तीन आठवड्यांत ट्रेनरकडून एक तास नुसत्या उजव्या वळणांचा मागून घ्या, आणि दर वेळी थांबल्यावर त्याला विचारायला सांगा की आत्ता लेनमध्ये तिथे का होतास. 'तुम्ही सांगितलं म्हणून' असं उत्तर आलं तर तेच वळण पुन्हा.