सोलापुरात स्त्रीवादी कलाकारांनी वस्तीतल्या बायकांसोबत खेळकर सामाजिक कला करायची, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की तुम्ही चौघी मैत्रिणी चित्रकार आहात, विडी कामगार बायकांसोबत काहीतरी हसतखेळत करायचं आहे, तर भिंत रंगवावी की कार्यशाळा घ्यावी. मी चित्रकला शिकवते. आम्ही तिघींनी पूर्व भागातल्या एका गल्लीत असं काम केलं आहे, त्यावरून सांगते. भिंत आणि कार्यशाळा, दोन्ही जरा बाजूला ठेवा. आधी त्या बाईच्या दिवसाचा हिशोब मांडा.

सकाळी कारखान्यात जाऊन कालच्या विड्या द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं, पान भिजवायचं, कातरायचं आणि मग सूप मांडीवर घेऊन रात्रीपर्यंत वळत बसायचं. हजार विड्या वळायला दहा-बारा तास जातात आणि मजुरी हजारावर मिळते. म्हणजे ती दोन तास तुमच्याकडे आली, तर तिच्या दीड-दोनशे विड्या बुडाल्या. आम्ही रंगांच्या आधी हे पैसे बाजूला काढले आणि येणाऱ्या प्रत्येकीला बुडालेली मजुरी दिली. काही जणींनी आधी घ्यायला नको म्हटलं, तरी दिली. कलाकाराचा वेळ म्हणजे काम आणि वस्तीतल्या बाईचा वेळ म्हणजे हौस, असं धरलं की स्त्रीवाद तिथंच संपतो.

आता खेळ. आम्ही मांजरपाटाचे पट्टे जोडून पंधरा बाय पंधरा फुटांचा सापशिडीचा पट केला. घर दीड फुटाचं, म्हणजे सोंगटीऐवजी बाईनंच उभं राहायचं. साप आणि शिड्या आम्हीच रंगवल्या. शिड्यांवर ‘शिक्षण’, ‘स्वच्छता’, ‘बचत’ असं लिहिलं. समाजमंदिरात पट अंथरला. बायका आल्या, ‘छान केलंय’ म्हणाल्या आणि भिंतीला टेकून वळत बसल्या. पटावर कुणी पाऊल ठेवेना. शेवटी एक आजी म्हणाल्या, “साप आम्हाला गिळणार, आन् साप कुठं बसायचा ते तुम्ही ठरवणार व्हय?”

तो पट आम्ही गुंडाळला. नव्यावर फक्त चौकटी आणि आकडे टाकले. साप-शिड्या बायकांनी शिवल्या, चादरीच्या आणि टॉवेलच्या कारखान्यातून आणलेल्या चिंध्यांच्या. सेफ्टी पिनांनी टाचल्या, म्हणजे पाहिजे तेव्हा उचलून दुसरीकडे लावता येतात. घरात तेलुगू बोलणाऱ्या बायकांनी सांगितलं, याला आम्ही वैकुंठपाळी म्हणतो आणि हे कवड्यांनी खेळतात. मग फासा गेला, कवड्या आल्या. सापांची नावं आधी तेलुगूत ठरली, मग मराठीत. सगळ्यात लांब साप ९८ वर, त्याचं नाव ‘छाट’. दिवसभर वळलेल्या विड्यांतून तपासणारा काही बाजूला काढतो, त्यांची मजुरी मिळत नाही, तीच ही छाट. ज्या आजींनी आम्हाला सुनावलं होतं, त्यांनी या सापाला डोळ्यांच्या जागी दोन तेंदूची पानं गोल कातरून शिवली. बोटं तंबाखूनं काळी पडलेली, पण टाका असा बारीक की मी बघतच राहिले.

आणि मग त्या खेळल्या. पदर खोचून, ओरडून, एकमेकींना ढकलून. पन्नाशीची बाई छाटेच्या तोंडी गेली की सगळ्या मिळून तिला हाताला धरून खाली ओढत न्यायच्या. नवरात्रात यांच्यातल्या काही जणी बतुकम्माच्या फुलांभोवती टाळ्या देत फिरतात, त्याच दिवसांत आपल्याकडे भोंडला असतो. खेळ या बायकांना आपण शिकवायचा नसतोच. लग्नानंतर तो सणापुरता उरतो, तो एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी आणायचा असतो. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

एका संस्थेनं पैसे देऊ केले होते. अट एकच: छाट नावाचा साप काढा. बायकांना विचारलं, त्यांनी नाही म्हटलं, आम्हीही संस्थेला नकार कळवला. तुमच्याकडेही अशी मदत चालून येईल. उत्तर तुम्ही चौघींनी ठरवू नका, पटावरच्या सगळ्या जणींना विचारा.

आधी झालेलं काम बघायचं असेल, तर नवज्योत अल्ताफ यांचं बस्तरमधलं बघा. मुंबईच्या या कलाकार नव्वदच्या दशकापासून कोंडागावला शांतीबाई, राजकुमार, गेस्सूराम या तिथल्याच कलाकारांबरोबर काम करत आल्या. त्यांनी हातपंपांच्या जागा नव्यानं घडवल्या. हंडा डोक्यावर घेण्याआधी मध्ये टेकवता येईल असे कट्टे केले, म्हणजे बाईची कंबर वाचते. शिल्पही झालं आणि पाणीही भरता आलं. बंगळूरला जस्मीन पाथेजांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्लँक नॉइज’मधल्या बायका तर सार्वजनिक बागेत जाऊन नुसत्या झोपतात, ‘मीट टू स्लीप’ म्हणून. बागेत निवांत पडलेली बाई आपल्या डोळ्यांना किती नवी आहे, ते हुतात्मा बागेत एकदा आजूबाजूला बघितलंत तरी कळेल. न्यूयॉर्कच्या ‘गरिला गर्ल्स’ १९८५ पासून गोरिलाचे मुखवटे घालून संग्रहालयांत बायकांनी काढलेली चित्रं किती, ते मोजून पोस्टरवर छापतात. त्यांच्याकडून मोजणं घ्या, मुखवटे आपल्या गल्लीत लागणार नाहीत.

नावांचंही आधीच ठरवा. आमच्या पटाच्या कडेला शिवणाऱ्या सगळ्या जणींची नावं आहेत, आमची तिघींची त्यांतच, अकारविल्हे. फोटो काढायचा तर ज्यांनी होकार दिला त्यांचाच.

१०० वर काय लिहायचं यावर दोन दुपारी वाद झाला. म्हाताऱ्यांना वैकुंठ हवं होतं, तरण्यांना ‘माझ्या नावाचं घर’. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत सगळ्यांनी पाहिलेली, कुणाची बहीण तिथं राहते, त्यामुळे घर हे काही लांबचं स्वप्न नव्हतं. शेवटी पटावरचं १०० चं घर कोरंच ठेवलं. तिथं पोचणारीनं आपल्याला काय हवं ते मोठ्यानं सांगायचं, असा नियम झाला. आजी पहिल्यांदा पोचल्या तेव्हा म्हणाल्या, “दुपारची झोप.”

पट आता आमच्याकडे नाही, गल्लीतच असतो, एका घरी पेटीत. मागच्या वेळी गेले तर साप हलवलेले होते. छाट ९८ वरून ६० वर आणून टाचली होती. का, ते विचारलं तर म्हणाल्या, आधी खेळ, मग सांगतो.