भातुकली जमवताय? आधी माप ठरवा

पहिली चूक सगळेच करतात, मीही केली: दिसेल ते गोंडस भांडं उचललं. घरी मांडलं तर चुलीपेक्षा पळी मोठी! बाहुलीघराचं प्रचलित माप १:१२, म्हणजे खऱ्या फुटाला इथे एक इंच. आपली पारंपरिक भातुकली असं काही मानत नाही, ती मुलीच्या मुठीच्या मापाची. दोन्ही जमवा, पण एका फळीवर नको. खरेदीला जाताना सहा इंची पट्टी खिशात असू द्या.

तांब्या-पितळेसाठी पुण्यातली तांबट आळी बघा. चांगल्या मठारकामात, म्हणजे हातोडीने ठोकून केलेल्या घडणीत, ठोके एकसारखे, जवळजवळ बसलेले दिसतात. पत्रा साच्यात दाबून केलेलं भांडं हलकं आणि गुळगुळीत लागतं. जातं फिरतं का, बंबाचं झाकण निघतं का, सोऱ्याचा दट्ट्या खाली जातो का, हे तिथेच करून पाहा. नुसत्या दिखाऊ वस्तूला मी हात लावत नाही.

सावंतवाडीची लाकडी भातुकली उन्हात ठेवू नका, लाखेचा रंग उष्णतेने बिघडतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बस.

जुनं म्हणून मी एकदा काळपट घंगाळं दामदुप्पट देऊन आणलं. चिंच लावली, तर आतून कोरं करकरीत पितळ! काळेपणा रंगाचा होता. तेव्हापासून आधी तळ बघते, वापराने झिजतो तो तिथेच. आणि खरंच जुनं हाती लागलं, तर चिंचेने लख्ख घासू नका.