फ्ली मार्केटमध्ये ‘टीएल-२९’ कोरलेला जुना इलेक्ट्रिशियनचा चाकू पाहिला. घ्यावा का, आणि असे चाकू जमवायला सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीतल्या एका फ्ली मार्केटमध्ये हा चाकू दिसला, त्याचं मोठं पातं अगदी चकचकीत आहे आणि विकणारा पस्तीस डॉलरच्या खाली यायला तयार नाही. पुढे संग्रह करायचा विचार आहे आणि सुट्टीत घरी भारतात नेता येतील का, हेही विचारलंय.

आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर. लगेच घेऊ नका. परत जा आणि त्याचं दुसरं पातं उघडून बघा. मोठ्या पात्याकडे सगळेच बघतात. इलेक्ट्रिशियनच्या चाकूची खरी परीक्षा दुसऱ्या पात्यावर होते. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो, शिक्षण इलेक्ट्रिकलचं, आणि बरीच वर्षं हेच चाकू गोळा करतोय. आता चाकू हातात आला की मोठं पातं मी सगळ्यात शेवटी उघडतो.

या चाकूची रचना अशी. मिटलेला असताना साधारण पावणेचार इंच. दोन्ही पाती एकाच टोकाला, दुसऱ्या टोकाला अडकवायची कडी. एक पातं नेहमीचं, भाल्याच्या टोकासारखं. दुसरं स्क्रूड्रायव्हरचं. त्याचं टोक सपाट, आणि एका कडेचा थोडा भाग तासून तिरपा केलेला. हा तिरपा भाग तार खरवडायला.

खरवडायला का लागायचं, हे नीट कळलं की या चाकूतली प्रत्येक गोष्ट उलगडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून ते १९३०च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या घरांमध्ये ‘नॉब अँड ट्यूब’ पद्धतीचं वायरिंग सर्रास व्हायचं. लाकडी तुळयांवर चिनी मातीचे खुंट, तुळईतून तार आरपार न्यायला चिनी मातीच्याच नळ्या, आणि तारेवर रबर आणि वरून कापडाची वीण. आपल्याकडच्या जुन्या चाळींमध्ये लाकडी केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या पट्टीतून) जाणारी व्हीआयआर, म्हणजे रबराच्या आवरणाची वायर ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे आवरण लगेच आठवेल. रबर टिकाऊ करायला त्यात गंधक घालत, आणि गंधक तांब्याला काळं करतं. म्हणून तांब्यावर कथलाचा पातळ मुलामा असायचा. एवढं करूनही रबराचे कण तारेला चिकटून राहत, आणि त्यावर सोल्डर धरत नसे.

त्या काळी जोड द्यायचा म्हणजे दोन्ही तारा एकमेकींभोवती घट्ट गुंडाळायच्या (याला आजही ‘वेस्टर्न युनियन’ जोड म्हणतात, तारखात्यातून आलेला), त्यावर सोल्डर ओतायचं, मग रबराची पट्टी आणि वरून काळी कापडी पट्टी. यातलं सोल्डर टिकायचं तर तार आधी लख्ख हवी. मोठ्या पात्याच्या धारेने खरवडायला गेलं तर तांब्याला चीर पडते आणि तार पुढे तिथेच तुटते. म्हणून ती तिरपी, जेमतेम धारेची कड. पेन्सिलीला टोक करताना धरतो तसं पातं तिरकं धरून आवरण सोलायचं, मग दुसऱ्या पात्याच्या कडेने तार चहूबाजूंनी खरवडायची. पुढे पीव्हीसीचं आवरण आलं, वायर सोलायच्या पकडी आल्या, सोल्डरच्या जागी पिळून बसवायच्या टोप्या आल्या, आणि या कडेचं काम संपत गेलं. चाकू मात्र त्याच घडणीचे निघत राहिले.

आता खटका. हा शब्द वाचून रामपुरी डोळ्यापुढे आणू नका. इथे बटण दाबून काही उघडत नाही, पातं नखानेच ओढायचं. पण स्क्रूड्रायव्हरचं पातं पूर्ण उघडलं की मुठीच्या आतली पितळेची पत्री बाजूला सरकून पात्याच्या बुडाशी आडवी येते आणि पातं अडून राहतं. मोठ्या पात्याला असा खटका नाही, ते फक्त पाठीमागच्या स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. यामागे साधं कारण आहे. कापताना जोर धारेच्या दिशेने पडतो आणि पातं उघडंच राहतं. स्क्रू फिरवताना मात्र पात्यावर पुढून दाब येतो, मनगट वाकडं होतं, आणि पातं मिटलं तर थेट बोटांवर. म्हणून कुलूप तिथे, जिथे बोटं जायचा धोका.

हाच खटका तुम्ही बाजारात तपासायचा. पातं उघडताना शेवटी ‘टक’ असा स्पष्ट आवाज आला पाहिजे. मग पाठीकडून अंगठ्याने हळूहळू दाब द्या, बोटं मिटण्याच्या वाटेत ठेवू नका. पातं जराही मागे येता कामा नये. पत्री बुडाच्या मागे नीट सरकलेली दिसली पाहिजे. नुसती कडेला टेकलेली असेल तर ती झिजली आहे किंवा कोणीतरी वाकवली आहे. डावी-उजवीकडे किंचित हलणं या वयाच्या चाकूला माफ. वर-खाली हलत असेल तर खिळ्याचं भोक खाल्लं गेलंय, सोडून द्या. मग टोक बघा. कोपरे चौकोनी आहेत का, की कोणी ग्राइंडरवर घासून नवीन टोक काढलंय? पिळवटलेलं टोक म्हणजे चाकू पटाशी किंवा पहार म्हणून वापरला गेला. तिरपी कड अजून दिसते का? अनेक चाकूंमध्ये ती मुद्दाम धार लावून घालवलेली असते, आणि माझ्या मते तिथे त्या चाकूचं निम्मं मोल जातं.

एवढं झालं की मोठं पातं. तुम्ही पाहिलेलं आरशासारखं आहे, आणि मला शंका येते ती तिथेच. हे चाकू कार्बन पोलादाचे, वापरात त्यांच्यावर करडा-निळसर थर चढतो. तो गंज नाही, उलट लाल गंजाला तो काही अंशी अडवतो. सत्तर-ऐंशी वर्षांच्या चाकूचं पातं चकाकत असेल तर एक तर तो कधीच वापरला गेला नाही, किंवा कोणीतरी मशीनवर पॉलिश मारलंय. फरक ओळखायला पात्याच्या बुडावरचा कंपनीचा शिक्का भिंगाखाली धरा. न वापरलेल्या चाकूत अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, पॉलिश मारलेल्यात वितळल्यासारख्या पसरट. मुठीतले खिळे आणि ‘टीएल-२९’ची धातूची पट्टी बोटाला अगदी सपाट लागली तर मूठही घासली आहे. न वापरलेला निघाला तर पस्तीस डॉलर स्वस्त, घासलेला असेल तर महाग. चांगल्या अवस्थेतला, प्रामाणिकपणे वापरलेला टीएल-२९ इथल्या बाजारात मला वीस ते चाळीस डॉलरच्या दरम्यान मिळत आलाय.

मी हे लिहिताना समोर एक कॅमिलसचा आहे. लाकडी मूठ, पट्टीवरची अक्षरं अंगठ्याने झिजून फिकट झालेली. मोठ्या पात्याच्या धारेत, बुडापासून अर्ध्या इंचावर, छोटा अर्धगोल खळगा आहे आणि त्याच्या काठावर पोलाद वितळून थिजल्याचा बारीक मणी. कोणीतरी चालू तार कापली, ठिणगी उडाली, पातं तिथे जळालं. बाजारात या खळग्याने किंमत उतरते. मी असे चाकू मुद्दाम घेतो, कारण दुसऱ्या कुठल्याही चाकूवर ही खूण सापडत नाही. मात्र तुम्ही यांपैकी कोणत्याही चाकूने चालू लाइनवर काम करू नका. मूठ लाकडाची असो की प्लास्टिकची, खिळे आणि पत्री धातूचीच आहेत.

‘टीएल-२९’ हा अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरचा, म्हणजे संदेशवहन विभागाचा क्रमांक. दुसऱ्या महायुद्धात तारा टाकणाऱ्या जवानाच्या कमरेला सीएस-३४ नावाचं चामडी पाकीट असे, त्यात टीएल-१३-ए ही पक्कड आणि हा चाकू. दोन्ही मिळून टीई-३३ संच. मैदानी टेलिफोनच्या तारेत पोलाद आणि तांबं एकत्र पिळलेलं असायचं. ती गाठ मारून जोडायची, खरवडायची, वरून बारीक तारेने आवळायची, पट्टी लावायची. सगळं अंधारात, चिखलात. पाकिटासकट पूर्ण संच मिळाला तर जरूर घ्या, पण चाकू त्या पाकिटात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्लं पितळेवर हिरवा कळकट थर आणतात आणि पोलादाला खड्डे पाडतात. पाकीट वेगळं, चाकू वेगळा.

बनवणाऱ्या कंपन्या अनेक. कॅमिलस, अल्स्टर, इम्पीरियल, श्रेड, पाल, युटिका. त्यातल्या बऱ्याच न्यूयॉर्क राज्यातल्या. ‘किंग्स्टन’ असा शिक्का दिसला तर तो अल्स्टर आणि इम्पीरियल यांनी युद्धकाळात मिळून काढलेला छाप. रेमिंग्टनने १९२० ते १९४० एवढीच वीस वर्षं खिशातले चाकू केले आणि तो धंदा पालला विकला, त्यामुळे रेमिंग्टनचा इलेक्ट्रिशियन चाकू दिसला तर तो महायुद्धाच्या आधीचा. ‘बेल सिस्टिम’ असं लिहिलेली हत्यारं टेलिफोन कंपनीची, १९८४ साली ती कंपनी फुटली, म्हणजे त्या आधीची. क्लाइन ही शिकागोची १८५७ पासूनची कंपनी पकडींसाठी प्रसिद्ध, तिच्या नावाचे चाकूही खूप सापडतात आणि अजून स्वस्त आहेत. इम्पीरियल श्रेड २००४ साली बंद पडली, कॅमिलस २००७ साली. कॅमिलस हे गावाचंही नाव आहे. शंभराहून जास्त वर्षं तिथे चाकू बनत होते, आणि दिवाळखोरीनंतर ते नाव दुसऱ्यांनी विकत घेतलं. म्हणून नव्या कॅमिलसला जुन्याच्या भावाने पैसे देऊ नका.

मुठीबद्दल एकच ताकीद, पण ती गांभीर्याने घ्या. हाड, लाकूड आणि नंतरचं प्लास्टिक बिनधास्त घ्या. सेल्युलॉइडची रंगीत मूठ असेल तर दहादा विचार करा. सेल्युलॉइड जुनं झालं की सडतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. एक सडका चाकू बंद डब्यात ठेवला तर शेजारच्या सगळ्यांची पाती खाऊन टाकतो. पाती फक्त मुठीलगत गंजलेली दिसली आणि कापरासारखा किंवा आंबूस वास आला, तर तेच. असा चाकू ठेवायचाच असेल तर एकटा आणि उघड्या हवेत.

साफसफाई कमीत कमी. सांध्यात मिनरल ऑइलचे थेंब सोडा, रात्रभर राहू द्या, दातकोरणीने आतला मळ काढा, पुसा, परत तेल. लाल गंज असेल तिथे तेलाबरोबर चार शून्यांची (0000, अगदी बारीक) स्टील वूल हलक्या हाताने चालेल. व्हिनेगरमध्ये बुडवायचा सल्ला इंटरनेटवर सर्रास देतात, तो अजिबात ऐकू नका. गंज जातो तसा तो करडा-निळसर थरही जातो, आणि शिक्का फिकट होतो.

आता भारतात नेण्याचं. विमानात हातातल्या बॅगेत कुठलाही चाकू चालत नाही. गुंडाळून चेक-इन सामानात ठेवा. भारतातल्या शस्त्र नियमांमध्ये पात्याची मर्यादा नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी अशी आहे, आणि घरगुती किंवा औद्योगिक वापराची हत्यारं त्यातून वगळली आहेत. टीएल-२९चं पातं तीन इंचही भरत नाही. घरी गेल्यावर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार जरूर फिरा. महायुद्धात याच सिग्नल कोअरने कोलकात्याहून आसाममधल्या लेडोमार्गे चीनमधल्या कुनमिंगपर्यंत टेलिफोनची लाइन टाकली होती, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराचा बराच माल भारतातच विकला गेला. त्यामुळे असा चाकू आपल्याकडच्या भंगाराच्या ढिगात निघणं अशक्य नाही. कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी बदलत राहा आणि महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवा.

सुरुवात एकाच घडणीपासून करा, तीही टीएल-२९पासूनच. एकच नमुना वेगवेगळ्या कंपन्यांचा हातात घेतला की पत्रीची जाडी, पातं नखाने ओढायच्या खाचेची जागा, मुठीचा बाक यांतले फरक बोटांना आपोआप कळू लागतात. मग मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रिमफील्डला मे, जुलै आणि सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मोठ्या बाजारात जा. पण माझे सगळ्यात चांगले चाकू कुणा निवृत्त इलेक्ट्रिशियनच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत, गॅरेजमधल्या स्क्रूच्या डब्याच्या तळाशी सापडले. तिथे घरच्यांशी दोन शब्द बोला. चाकू कोणाचा, त्या माणसाने कुठे काम केलं, हे विचारा आणि चिठ्ठीवर लिहून चाकूसोबत ठेवा.

तुम्ही पाहिलेल्या चाकूचे फोटो टाकलेत तर नक्की सांगू शकेन. तीन पुरेत: बुडावरचा शिक्का, उघडलेला खटका मुठीच्या बाजूने, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक समोरून. फ्लॅश बंद ठेवा, त्याने फोटोत अक्षरं पुसून जातात.