सांगलीत राहून परदेशातील लहान मूल दत्तक घ्यायचे असल्यास तयारी कशी करावी?

परदेशातील बालकाचे दत्तकविधान आधी त्या देशाच्या कायद्यानुसार पूर्ण करावे लागते. आपल्याकडे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजेच ‘कारा’, तुमचा गृहअभ्यास अहवाल (तुमच्या घराची व कुटुंबाची पाहणी), बालकाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल पाहून देशादेशांतील दत्तकविधानाविषयीच्या १९९३ च्या हेग करारानुसार मान्यता देते. मुलाकडे परकीय पासपोर्ट असल्यास तेथील भारतीय दूतावासाकडून प्रवेश व्हिसाही घ्यावा लागतो.

माझ्या मते खरी तयारी घरातली आहे. सांगलीत मूल घरी आले की आत्या-मावश्यांसह अख्खी गल्ली पाहायला लोटते; पण अनोळखी चेहऱ्यांना बिचकणाऱ्या मुलाला सुरुवातीचे काही आठवडे भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे आई-वडिलांनीच करावे, समारंभ लांबणीवर टाकावेत आणि त्याच्या सवयीचे जेवण व झोपेच्या वेळा परदेशात त्याला सांभाळणाऱ्या बाईंकडून आवर्जून विचारून घ्याव्यात.