नियम बदलायचेत? आधी गणपूर्ती बघ

विद्यापीठाच्या परिषदेवर नवा आलास म्हणून पहिल्याच बैठकीत सगळी नियमावली मोडायला निघू नको गड्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात जे आहे ते नांदेडात बसून आपल्याला बदलता येत नाही. बैठक कशी चालवायची, तेवढंच आपल्या हातात.

सुरुवात गणपूर्तीपासून कर, म्हणजे बैठक चालायला किमान किती सदस्य हजर हवेत तिथपासून. लोकसभेला एक दशांश सदस्य पुरतात. आपल्या वीसेक जणांत तो हिशेब लावला तर दोघंच चहा पिता पिता ठराव उरकतील! निम्मे तरी ठेव.

दुरुस्तीचा मसुदा आठवडाभर आधी लेखी दे, जुनं आणि नवं कलम शेजारी शेजारी. आयत्या वेळच्या विषयात घुसडलास की भांडण ठरलेलंच. समसमान मतं पडली तरच अध्यक्षांचं मत, हेही लिहून घे. अन् बदल लागू पुढच्या बैठकीपासून.